सोबत कोण?

विमान सोलापूरच्या धावपट्टीवर टेकलं, सगळ्यांनी एकदम पट्टे सोडले, पण वैष्णवी परब जागेवरच बसून राहिली. घाई करण्यात अर्थ नसतो हे तिला ठाऊक होतं. आधी पुढच्या रांगांतल्या पिशव्या उतरतात, मग डोक्यावरची झाकणं आपटतात, मग कुणाचं तरी तान्हं मूल रडतं, आणि हे सगळं ओसरलं की वाट मोकळी होते. ती मोकळी झाल्याचं कानांना कळलं तशी तिनं घडीची पांढरी काठी झटकून सरळ केली, पाठीवर सॅक अडकवली आणि उठली.

कुडाळची ही मुलगी एकोणतीस वर्षांची. सातव्या वर्षी एका आजारात दोन्ही डोळे गेले. त्यानंतरची शाळा, कॉलेज, इतिहासातलं एम.ए., नेटची परीक्षा, सगळं तिनं कानांनी आणि बोटांनी केलं. आता सोलापुरातल्या एका कॉलेजात प्राध्यापक म्हणून तिची नेमणूक झाली होती आणि उद्या सकाळी रुजू व्हायचं होतं. आजवरचा प्रत्येक लांबचा प्रवास कुणाचा तरी हात धरून झालेला. या खेपेला मात्र तिनं घरात जाहीर करून टाकलं, की मी एकटी जाणार. आई दोन दिवस बोलली नाही. वडील बोलले, पण एकच वाक्य पुन्हा पुन्हा, "नुसता पोचवून येतो गो." शेवटी गोव्याच्या विमानतळाच्या दारापर्यंत सोडायचं, यावर तह झाला.

जिन्याखाली चाकांची खुर्ची तयार होती.

"मॅडम, बसा. मी नेते तुम्हाला," एक मुलीचा आवाज आला. आवाजात नव्या नोकरीची तत्परता होती.

"पाय धडधाकट आहेत माझे," वैष्णवी हसून म्हणाली. "ही खुर्ची एखाद्या आजीबाईंना द्या. मला तुमचं कोपर दिलंत तर पुरे."

"कोपर?"

"हं. मी ते धरते, तुम्ही नेहमीसारखं चाला. तुमच्या चालीवरून मला रस्ता कळतो."

मुलीनं कोपर पुढं केलं. पहिल्या चार पावलांत ती अवघडून चालली, मग सरावली. तिचं नाव सिद्धेश्वरी. अक्कलकोटकडची. नोकरीला लागून सात महिने झाले होते आणि ज्या विमानतळावर ती काम करत होती तो चालू होण्याची वाट तिच्या गावानं कितीतरी वर्षं पाहिली होती, हे तिनं सामानाच्या पट्ट्याशी वैष्णवीच्या बॅगेची वाट बघत उभं असतानाच सांगून टाकलं. "छोटा आहे मॅडम, पण आमचा आहे," असंही म्हणाली.

बाहेरच्या दारापाशी वैष्णवीनं मोबाईलवर गाडी शोधली. कानातल्या इअरफोनमधून मोबाईलनं सांगितलं, सध्या एकही गाडी उपलब्ध नाही. पाच मिनिटांनी पुन्हा तेच.

"मी बोलू का रिक्षावाल्याशी?" सिद्धेश्वरीनं विचारलं. "चांगले माणूस आहेत इथं एक."

"मीच बोलते. तुम्ही फक्त रिक्षा कुठल्या बाजूला उभ्या असतात ते सांगा."

"सरळ. फाटकाबाहेर, डाव्या हाताला."

वैष्णवी काठी टेकवत निघाली. मागून पावलं येत नव्हती, म्हणजे मुलगी जागेवरच उभी राहून बघत होती. तिला ते आवडलं. दुपारचं ऊन पाठीवर होतं, पण जानेवारीचं असल्यानं बोचत नव्हतं. हवा कोरडी, इतकी कोरडी की कोकणातल्या तिच्या ओठांना ती लगेच जाणवली. फाटकाबाहेर आल्यावर तिनं आवाज चढवला.

"रिक्षा आहे का कुणाची? सात रस्ता चौकात जायचंय."

"हाय की," डावीकडून उत्तर आलं. "या ताई. हितंच हाय, तीन पावलं पुढं." आणि मग लगेच, जरा घाबरून, "थांबा थांबा, हात धरू का?"

"नको. तुम्ही बोलत राहा, मी आवाजावर येते."

"आता काय बोलू?" तो माणूस गोंधळला. "माजं नाव मौलाली. सत्तावीस वर्सं टेसनावर रिक्षा चालवली, आता इमान येतं त्या दिवशी हितं उबा ऱ्हातो... हां, आली की बरोबर."

वैष्णवीचा हात रिक्षाच्या दांडीवर पडला होता. तिनं बॅग आत ढकलली, बसली, आणि हॉटेलचं नाव सांगितलं, शिवपर्ण. मौलालीला ते माहीत होतं. रिक्षा सुरू झाली.

थोडं अंतर गेल्यावर हवेत गोडसर, आंबूस असा वास दाटून आला.

"हा कसला वास काका?"

"मळीचा. साखर कारखाना हाय बाजूला, गाळप चालूय." त्यानं आरशात पाहिलं असावं, कारण पुढचं वाक्य जरा दबकत आलं. "ताई, तुमाला अजिबात दिसत न्हाय?"

"अजिबात नाही. पण तुम्हाला दिसतंय ना? मग सांगा की, काय काय दिसतंय. मला या गावात राहायचंय आता."

मौलाली म्हणाला, "सत्तावीस वर्सांत ह्ये कुणी इच्यारलं न्हवतं."

आणि तो सांगू लागला. सुरुवातीला गाईडसारखा, मोठ्या आवाजात. ह्यो रस्ता होटगी रोड. हिकडं कारखाने. सोलापूरचा टॉवेल जगात जातो. तिकडं मोठमोठी हाटेलं.

"काका, असं नको," वैष्णवी म्हणाली. "हे मला मोबाईलही सांगतो. तुम्हाला आत्ता, समोर, काय दिसतंय?"

"आत्ता?" त्यानं वेग कमी केला. "आत्ता... एक म्हातारी हाय. रस्त्याच्या कडंला हुरडा भाजायलीय. तिच्या डोईवरचा पदर वाऱ्यानं सारका उडतोय आन् ती दातात धरतीय. मागं चादरीचं दुकान हाय, भायेर लाल चादर टांगलीय, मोराची. ऊन पडलंय तिच्यावर. आमी रोज बघतो म्हणून बघत न्हाय, पण लई झकास दिसायली."

हुरड्याचा धूर रिक्षात शिरला आणि गेला. वैष्णवीनं डोकं मागं टेकलं. तिला कुठलंही गाव असं हवं असायचं, एकेक माणूस, एकेक वस्तू. मौलालीला आता रंग चढला. एका शाळेच्या भिंतीवर कुणी कुणाचं नाव खरडलंय इथपासून एका पाटीतली शुद्धलेखनाची चूक इथपर्यंत तो सांगत सुटला. मधेच रिक्षानं दणका खाल्ला.

"आन् रस्ता आमचा एकदम गुळगुळीत हाय," तो म्हणाला.

"ते कळतंय मला," वैष्णवी म्हणाली, आणि दोघंही हसले.

तिथून थोड्याच अंतरावर रिक्षा एकाएकी डावीकडं वळली. वैष्णवी ताठ बसली. विमानात बसण्यापूर्वी तिनं रस्ता दोनदा ऐकून ठेवला होता. सात रस्त्यापर्यंत हे वळण नव्हतं.

"आपण डावीकडं का वळलो?"

तिचा आवाज बदलला होता. मौलालीनं तो बदल ऐकला. त्यानं रिक्षा बाजूला घेऊन थांबवली आणि इंजिन बंद केलं.

"सांगायला पायजे हुतं मी," तो म्हणाला. "चूक झाली. पुढं रस्ता खणलाय पाइपासाठी, रिक्षा जात न्हाय. आतनं जायलोय, चौकाच्या पल्याड परत मोठ्या रस्त्याला लागतो. तुमी मोबाईल लावा, तो जसं सांगंल तसं मी चालवतो. मला राग न्हाय."

तिनं खरंच लावला. मोबाईलनं क्षणभर विचार करून नवा रस्ता सांगायला सुरुवात केली आणि प्रत्येक वळणाच्या आधी मौलाली म्हणू लागला, "आता उजवं म्हणंल बगा." दर वेळी मोबाईल तेच म्हणे. तिसऱ्या वळणानंतर वैष्णवीनं तो बंद करून खिशात ठेवला.

"का ओ?"

"दोघं एकच सांगताय. एकाला विश्रांती देते."

त्या आतल्या गल्लीत कुठंतरी यंत्रमागांची खडखड चालू होती, एकसारखी, पावसासारखी. मौलालीनं न सांगताच तिथं वेग कमी केला.

हॉटेल शिवपर्णच्या दारात पोचल्यावर तिनं भाडं मोबाईलवरून दिलं. मौलालीनं बॅग उचलू का विचारलं. ती नको म्हणाली. तरीही तो मागोमाग आत आला, आणि त्याला दोष द्यावा असं काही त्यात नव्हतं.

काउंटरवर नंदीश नावाचा चाळिशीतला मॅनेजर होता. त्याच्या आवाजाची दिशा वैष्णवीच्या खांद्यावरून पलीकडं जात होती.

"मॅडमचं नाव काय?" त्यानं मौलालीला विचारलं.

"त्येनला इच्यारा की," मौलाली म्हणाला. "त्या हितंच हायत."

वैष्णवीनं नाव सांगितलं, आधारकार्ड पुढं सरकवलं. कळफलकावर बोटं आपटली. मग थांबली.

"बुकिंग एकाचं आहे. सोबत कोण आहे तुमच्या?"

"कुणी नाही. मी एकटीच आहे."

"मग अवघड आहे मॅडम." नंदीशचा सूर उद्धट नव्हता. उलट त्यात काळजी होती, आणि तीच जास्त अडचणीची असते हे वैष्णवीला अनुभवानं माहीत होतं. "मागच्या वर्षी एक वयस्कर गृहस्थ बाथरूममध्ये पडले. चांगले डोळस होते. पोलीस आले, नातेवाईक आले, चार दिवस आम्हाला झोप नव्हती. तुम्हाला काही झालं तर जबाबदारी कोण घेणार? एखादं माणूस सोबत असतं तर प्रश्न नव्हता."

"त्या गृहस्थांनंतर तुम्ही डोळस माणसांना खोली देणं बंद केलंत का?"

नंदीश म्हणाला, "हॉटेलचा नियम आहे."

"मग मला तो लिहून द्या. दिसत नाही म्हणून खोली नाकारली, असं. खाली नाव आणि सही. कायद्यानं असं नाकारता येत नाही, ते मी बघून घेईन. पण लेखी द्या."

कागद काही निघाला नाही. मागं खाकरण्याचा आवाज झाला आणि मौलाली पुढं आला.

"साहेब, लिव्हा माजं नाव. मी मामा हाय त्यांचा." आणि मग तिच्या बाजूला झुकून हळूच म्हणाला, "बेटा, नुसतं लिव्हायचं. मी जातो निगून. तुला खोली तर मिळंल."

"नातेवाईक असतील तर मिटलंच," नंदीश सुटल्यासारखा म्हणाला. पेनचं टोपण उघडल्याचा आवाज झाला.

वैष्णवी पहाटे चारला उठली होती. पाठीवरची सॅक खांद्यात रुतत होती, घसा कोरडा पडला होता, बाथरूमला जायचं होतं. एक नाव लिहिलं की पाच मिनिटांत ती पलंगावर. आणि खोटं तरी किती मायेचं होतं ते. तिला वडिलांचा आवाज आठवला, नुसता पोचवून येतो गो.

"चाचा," ती म्हणाली. आतापर्यंत ती काका म्हणत होती. "तुमचं मन मोठं आहे. पण मी या गावात चार दिवसांची पाहुणी नाही. उद्यापासून इथंच राहायचंय. मग रोज कुणाची ना कुणाची भाची होऊन राहू का?"

पेनचं टोपण परत लागलं.

"बरोबर हाय तुमचं," मौलाली सावकाश म्हणाला. "मी आता बोलत न्हाय. पण जात बी न्हाय. हितं बाकड्यावर बसतो."

"मालकांना बोलवा," वैष्णवीनं नंदीशला सांगितलं. "मी थांबते."

ती अर्धा तास थांबली. काउंटरसमोरच्या सोफ्यावर, पाठ सरळ, काठी घडी करून मांडीवर. दोन कुटुंबं आली, त्यांना खोल्या मिळाल्या आणि ती माणसं वर गेली. कुणीतरी तिच्याकडं बघत कुजबुजलं. तिला रडू आलं असतं तर तिनं ते गिळलं असतं, पण आलंच नाही. आत काहीतरी घट्ट आणि ऊबदार होऊन बसलं होतं. आजपर्यंत असल्या वेळी तिच्यातर्फे कुणीतरी भांडायचं आणि ती बाजूला उभी असायची. आज तिचं भांडण तिच्याच हातात होतं.

मग आतल्या बाजूनं काठीचा आवाज आला. जड, लाकडी, मंद. मागोमाग ओढत टाकलेली चप्पल.

"येनातु नंदीश? काय झालं?"

ही सुंदरम्मा, हॉटेलची मालकीण, सत्तरीची. तिचं मराठी कानडीच्या हेलावर झुलत यायचं. नंदीशनं सगळं सांगितलं, पडलेल्या गृहस्थांसकट. म्हातारीनं ऐकून घेतलं आणि ती वैष्णवीच्या शेजारी येऊन बसली. तिच्या अंगाला विभूतीचा वास होता.

"एकटी आलीस?"

"हो."

"विमानतळावरून इथपर्यंत?"

"गोव्यापासून इथपर्यंत."

"भीती वाटत नाही?"

"वाटते. सगळ्यांना वाटते तेवढीच."

"जिना चढून दाखवतील त्या, विचारा पाहिजे तर," नंदीश मधेच म्हणाला. त्याला मदत करायची होती बहुधा.

"नाही दाखवणार," वैष्णवी म्हणाली. "मी इथं परीक्षा द्यायला आलेली नाही, झोपायला आलेय. मघाशी जे वर गेले त्यांच्याकडून तुम्ही जिना चढून घेतलात का?"

बाकड्यावर मौलालीनं बूड हलवल्याचा आवाज तेवढा झाला.

सुंदरम्मा हसली. आवाज न करता, पण सोफा हलल्यामुळं कळलं. "आमचे मालक गेले तेव्हा मी एक्केचाळीस वर्षांची होते," ती म्हणाली. "या काउंटरवर मी बसायला लागले. लोक आत यायचे, माझ्याकडं बघायचे आणि विचारायचे, मालक कुठं आहेत? मी म्हणायची, मीच. ते म्हणायचे, तसं नाही हो, खरे मालक. दोन वर्षं चाललं ते." ती काठी टेकून उठली. "नंदीश, खोली दे. आणि नियम म्हणालास ना, तो कुणी केला? मी तर नाही केला."

"मीच... म्हणजे ते पडल्यानंतर," नंदीश म्हणाला.

"मग तूच मोड."

किल्ली काउंटरवर ठेवल्याचा आवाज आला. वैष्णवीनं सही केली, स्वतःच्या नावाची, मोठ्या अक्षरात. सोबत या रकान्यात काय लिहायचं, असं नंदीशनं अवघडून विचारलं. ती म्हणाली, रेघ मारा.

मौलाली उठला. त्याच्या आवाजात आता वेगळाच तोरा होता, जणू हे सगळं त्यानंच घडवून आणलं होतं, आणि काही अंशी ते खरंही होतं. "ताई, माजा नंबर घ्या. उद्या कालेजला जायचं आसंल तर फोन करा. मामा म्हणून न्हाय, रिक्षावाला म्हणून."

"रिक्षावाला म्हणूनच करेन," ती म्हणाली आणि नंबर घेतला. जाताना तो दारातल्या वॉचमनला सांगताना तिला ऐकू आला, "त्या प्राध्यापक हायत. इमानतळावरनं माज्याच रिक्षानं आल्या."

खोली दाखवायला नंदीश स्वतः आला. "हे बटण इकडं आहे, बाथरूम तिकडं," असं त्यानं सुरू केलं आणि स्वतःच थांबला. "सॉरी. दारातून आत आलं की उजव्या हाताला, खांद्याच्या उंचीवर बटणं. पलंगापासून बाथरूम... थांबा, मोजतो." तो खरोखर चालला. "सहा पावलं. दारात छोटा उंबरा आहे. तोच धोक्याचा. त्या गृहस्थांना तिथंच ठेच लागली होती."

"हे आधी सांगितलं असतंत तर लवकर मिटलं असतं," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग उरला नव्हता.

"खरं आहे," तो म्हणाला. "माझी चूक झाली मॅडम. दिवसभर दारातून येणारी माणसं बघतो, पण तुमच्याशी बोलायला मला अर्धा तास लागला."

तो गेल्यावर तिनं खोली हातांनी पाहून घेतली. भिंत, खिडकी, कपाट, टेबलाचा कोपरा, पलंगावर जाड चादर. चादरीवर विणलेलं काही होतं, ते बोटांना लागलं, फुलं असावीत. मग घरी फोन केला. वडिलांनी पहिल्या घंटीला उचलला. तिनं सगळं सांगितलं, नाकारल्याचंही, काही न लपवता. ते चिडतील, उद्याच्या गाडीनं येतो म्हणतील, असं तिला वाटलं.

"म्हणजे तू त्याला लिहून द्यायला सांगितलंस?" ते म्हणाले.

"हो."

"आणि नाही दिलंन?"

"नाही."

"अगो," ते फोन बाजूला धरून कुणाला तरी, बहुतेक आईला, म्हणाले, "ऐक हे ऐक." आणि तिला पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगावं लागलं, मोठ्यानं, दोघांसाठी.

संध्याकाळी तिला सपाटून भूक लागली. खाली येऊन तिनं जवळच्या खानावळीची चौकशी केली. नंदीश जागेवरून उठल्याचं खुर्चीनं सांगितलं, मग तो परत बसल्याचंही. "बाहेर पडलं की उजवीकडं," तो म्हणाला. "पायऱ्या चार. मग भिंतीच्या कडेनं जा. साधारण तीस पावलांवर भाकरी थापल्याचा आवाज येईल. तीच."

आवाज अठ्ठाविसाव्या पावलालाच आला. खानावळ दानम्मा नावाच्या बाई चालवत. त्यांनी तिला भिंतीकडच्या बाकावर बसवलं आणि ताटात काय कुठं वाढलंय ते न विचारता सांगितलं, शेंगाची चटणी वरच्या बाजूला, भाजी डावीकडं, भाकरी हातात. कडक भाकरी तिच्या बोटांत कटकन मोडली. चटणीचा तिखट, तेलकट, भाजका घास जिभेवर आला, आणि नाकातून, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"लई तिखट झाली का?" दानम्मांनी विचारलं.

"नाही. आणखी वाढा."

"कुठल्या तुमी?"

"मूळ कुडाळची," वैष्णवी म्हणाली आणि दुसरा तुकडा मोडला. "आता इथली."

दानम्मांनी चटणीचा चमचा ताटात उपडा केला, आणि मग आणखी एक.